कोकिळेनं डब्याला सांगितलं होतं

मी पानाचा डबा बोलतोय. आधी नाव सांगतो, मग बाकीचं. इंद्रभानला महादेवरावानं मारलं. सख्ख्या मोठ्या भावानं. विष घातलं नाही, काठी उचलली नाही. छातीत जळजळ होते म्हणून पुड्या पाजल्या आणि मारलं.

देऊळघाटात हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. तिथं सगळे म्हणतात, कोकिळेनं नवऱ्याला खाल्लं. पोळ्याच्या दिवशी बैल जुपले, मग दुसरं काय होणार? ओट्यावर बसून हे बोलणाऱ्या म्हाताऱ्यांची तोंडं मी वर्षानुवर्षं लाल केली आहेत. त्यांचे दात, त्यांची थुंकी, त्यांची अक्कल, सगळं मला जवळून माहीत आहे. गाव महादेवरावाला अहो-जाहो करतं. मी करणार नाही.

माझा जन्म पितळेच्या पत्र्यातून झाला. तांबटानं ठोकून ठोकून मला गोल केलं, आत पाच खण बसवले, झाकणावर वेल कोरली. एका पानाची नक्षी अर्धी राहिली, कारण तेवढ्यात त्याच्या घरून जेवायला हाक आली आणि परतून तो दुसऱ्याच भांड्याला बसला. अर्धवट राहिलो तो राहिलोच. त्याचं मला काही वाटत नाही. पुरी नक्षी असलेले बरेच बघितलेत मी.

संग्रामपूरच्या बाजारात अन्नपूर्णाबाईनं मला उचललं. तिची लेक कोकिळा हिचं देऊळघाटच्या इंद्रभानशी लग्न ठरलं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मांडवात कुणी तरी त्याचंच भाषण ठोकत होतं. मी रुखवतात मधोमध, लाडवांच्या ताटाशेजारी. म्हणजे मी कोकिळेचा. हे ध्यानात ठेवा, कारण देऊळघाटात पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते सगळे विसरले.

महादेवरावानं मला उचलून पाहिलं, झाकण दोनदा उघडलं-मिटलं आणि म्हणाला, "हे बायाईच्या काय कामाचं? ओट्यावर ठेवा." झालं. तेव्हापासून मी त्याच्या मांडीजवळ.

घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, कांद्याची पात. माल बुलढाण्याच्या बाजारात जायचा. शेतात राबायचा इंद्रभान, ओट्यावर बसायचा महादेवराव. बाप लवकर गेला, भावाला ह्यानंच वाढवलं, ही गोष्ट खरी. ती गोष्ट तो दिवसातून चार वेळा सांगायचा, हीसुद्धा खरी. इंद्रभान तेवढ्यानं गप्प व्हायचा.

महादेवरावाला एक खोड होती. कुणाचं काही दुखलं की औषध हाच देणार. माझ्या एका खणात ओवा, एका खणात सुंठ, लवंगांच्या खाली कसलं कसलं चूर्ण. पान देता देता विचारायचा, "पोट साफ हाय का?" आणि उत्तर यायच्या आत चिमूट तळहातावर. मोठ्या माणसानं हातावर ठेवलेलं परत करायचं नसतं. पान असो की औषध, तोंडात टाकायचं आणि वर म्हणायचं, "वा, काय गुण आला!" गुण नाही आला तरी म्हणायचं. अशानं तो वैद्य झाला.

एका उन्हाळ्यात वांग्यांची बंडी उतारावर कलंडली. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. इंद्रभान खाली आला, पाय मोडला. पाय प्लॅस्टरमध्ये, माणूस खाटेवर, महिनाभर हालचाल नाही. मग तो पाय सुजून खांबासारखा झाला आणि एक दिवस त्याला श्वासच घेता येईना. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली, तिचा तुकडा फुप्फुसात गेला. वाचला, नशीब.

सुटी व्हायच्या दिवशी मी तिथं होतो. महादेवराव दवाखान्याच्या लिंबाखाली मला मांडीवर घेऊन बसला होता. डॉक्टर व्हरांड्यात आला. तरुण होता, बोली पुण्याकडची.

"इंद्रभानचे नातेवाईक कोण?"

महादेवराव उठला. पण त्यानं नुकताच एवढा मोठा विडा कोंबला होता. तोंड उघडलं असतं तर सगळा रस सदऱ्यावर. थुंकायचंही जिवावर आलं, कारण सुपारी आताशी मऊ होत होती. तो मान वर करून नुसता "हूं, हूं" करत राहिला. डॉक्टरनं क्षणभर त्याच्या गालाकडं पाहिलं आणि मागं पदर ओढून उभ्या असलेल्या कोकिळेला म्हणाला, "बाई, तुम्ही ऐका."

आणि तिनं ऐकलं. मीही ऐकलं.

"ही गुलाबी गोळी रक्त पातळ ठेवते. पुन्हा गाठ होऊ नये म्हणून. रोज एक, ठरलेल्या वेळी, दिवाळीपर्यंत. मनानं बंद करायची नाही, मनानं वाढवायची नाही. रक्त तपासायला मी बोलावीन तेव्हा यायचं. आणि दुसरं कुठलंही औषध, तापाचं, डोकेदुखीचं, पोटाचं, दुकानातलं असो की घरातलं, मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही."

कोकिळा पदराआडून म्हणाली, "त्याईच्या छातीत जळजळ होते जी. जेवलं की आंबट पाणी येते."

"बरं झालं सांगितलंत. त्याला हे पांढरं औषध देतो. हलवून दोन चमचे. मात्र गोळी आणि हे एकावर एक नको, मध्ये दोन तास जाऊ द्या, नाही तर गोळी नीट लागू पडत नाही. तिखट कमी, जेवल्यावर लगेच आडवं पडायचं नाही, पान-तंबाखू बंद. एवढ्यानं जळजळ राहिली तर माझ्याकडे या. आणि हे नीट ऐका. हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग पडले, शौचाला डांबरासारखं काळं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. उचलून आणायचं. जे जे घेतात ते सगळं बरोबर आणायचं."

"हाव," कोकिळा म्हणाली.

महादेवराव म्हणाला, "हूं."

आता त्या घरची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी, म्हणजे भासऱ्याशी, तोंडावर बोलत नाही. त्याच्या समोर उभी राहत नाही. तो ओट्यावर आला की ती दाराआड. काही सांगायचंच असलं तर मोठ्या जावेला सांगायचं, किंवा मुलाला, मांजराला, उखळाला. म्हणजे तिनं उखळाला सांगायचं आणि त्यानं ऐकायचं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, कोकिळेनं महादेवरावाला एक अक्षर थेट म्हटलं नव्हतं. यालाच तिथं चांगलं वळण म्हणतात.

म्हणजे बघा, डॉक्टरचं सगळं बोलणं घरात एकाच माणसाला नीट माहीत, आणि घरातलं औषध ज्याच्या हातात, त्याच्याशी बोलायची तिलाच बंदी.

घरी आल्या आल्या महादेवरावानं गोळ्या माझ्या लवंगांच्या खणात ओतल्या. "औषध मोठ्या मानसाजवळ पाह्यजे. बायाई चुलीत सांडवतीन." पांढऱ्या औषधाची बाटली तेवढी कोकिळेच्या फळीवर राहिली. ती त्यानं हुंगून पाहिली होती. "खडू घोळून देल्ला बे पान्यात! येच्यानं जळजळ जाते?"

पहिले काही दिवस बरे गेले. कोकिळा औषध हलवून द्यायची, भाजीत मिरची निम्मी करायची, नवऱ्याला जेवल्यावर भिंतीला टेकून बसवायची. तो कुरकुरायचा.

"अवं, माह्या बापजाद्यानं ठेच्याबिगर भाकर नाई खाल्ली."

"म्हनून तर ते भित्तीवरच्या फोटूत हायेत," ती म्हणायची. तो हसायचा. हसताना त्याचा दुखरा पाय हलायचा. "दिवाळी होऊ दे. गोळ्या सुटल्या की पयलं पानी वांग्याले म्या सोडीन. दादानं सारे वाफे वाकडे करून ठेवले."

तेवढंच हवं होतं त्याला. दिवाळीपर्यंत टिकायचं आणि वांग्यांचे वाफे सरळ करायचे. फार मोठं मागणं नव्हतं.

पण इंद्रभान ओट्यावर येऊन बसायला लागला. भावाशेजारी बसायचं म्हणजे विडा आला. विड्यात तंबाखू आली. "पान बंद सांगतलं म्हने," तो एकदा हळूच म्हणाला. महादेवराव म्हणाला, "पानानं कोन मेलं आजवर?" दोन दिवसांत जळजळ परत आली. छाती चोळत इंद्रभान म्हणाला, "दादा, आगच पेटली हाय आत."

महादेवरावाच्या डोळ्यांत कसला उजेड आला! रोगी मिळाला की त्याला असाच उजेड यायचा. चिखलीच्या बाजारातून त्यानं नव्या पुड्या आणून माझ्या एका खणात ठेवल्या होत्या. दुकानदारानं सांगितलं होतं, डोकं दुखो, अंग दुखो, पोट जळो, पुडी एकच. पेल्यात पाणी घेतलं, पुडी सोडली. फस्स करून फेस वर आला.

पुंजाजी नावाचा म्हातारा ओट्यावर कायमचा. तो ओरडला, "पाह्य बे इंद्र्या, बिनचुलीचं उकळून राह्यलं! पे, पे, फेस खाली बसाच्या आत पे."

इंद्रभान प्यायला. मोठ्ठी ढेकर दिली. ओटा खूश. "कसं वाटते?" "बरं वाटते, दादा." आणि खरंच त्याला बरं वाटलं होतं. फसवणारं औषध असंच असतं. त्या पुडीत सोडा होता, त्यानं घटकाभर आग विझवली. त्याच पुडीत डोकेदुखीचं औषध होतं. ते पोटाच्या आतल्या कातडीला चरे पाडतं आणि रक्ताचं वाहणं थांबू देत नाही. आधीच गुलाबी गोळीनं रक्त पातळ. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढं डॉक्टरच्या तोंडून कळलं. पण कोकिळेला अर्धं तरी कळलं होतं. विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, एवढं तिला पाठ होतं.

तिनं रात्री नवऱ्याला झापलं. "पुडी काऊन घेतली?"

"दादानं सोताच्या हातानं घोळून देल्ली. नाई कसं म्हनू वं? लहानाचा मोठा केला त्यानं मले."

मग ती सोजराबाईकडं गेली. सोजराबाई म्हणजे महादेवरावाची बायको, कोकिळेची मोठी जाऊ. "मोठ्याबाई, डॉक्टरनं सांगतलं, त्याले इचारल्याबिगर कोनतंच औषध द्याचं नाई. अन् थे पांढरं औषधबी गोळीसंगं नाई, दोन तासानं. तुमी सांगा न भाऊजीले."

सोजराबाईला नवऱ्याची भीती. तिनं त्या निरोपातले काटे काढून टाकले. जेवण वाढता वाढता म्हणाली, "ते कोकिळा म्हनते, औषध गोळीसंगं देऊ नोका. मधी दोन तास पाह्यजे म्हने."

"एवढंच न?" महादेवराव म्हणाला. "ठेवतो न दोन तास."

आणि ठेवले. पांढऱ्या औषधाचा नियम त्यानं पुडीला लावला. सकाळी गोळी, मग दोन तास माझ्या शेजारी ठेवलेल्या घड्याळाकडं बघणार, मग पुडी. एवढा काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याला वाटायचं, आपण दवाखान्याच्या वर एक पायरी आहोत. ओट्यावर सांगायचा, "डॉक्टराले काय माहीत? टाइम सांभाळला की कोनतंबी औषध चालते."

पुडीनं जळजळ वाढायची. वाढली की दुसरी पुडी. दुसरीनं आणखी. फेस, ढेकर, वा वा.

कोकिळा मला रोज सकाळी चिंच आणि राख लावून घासायची. दाराच्या आत बसून. महादेवराव दाराबाहेर, पाठ तिच्याकडे. एक दिवस तिनं घासता घासता माझ्याशीच बोलायला सुरुवात केली. मोठ्यानं.

"डब्या, तू माह्या मायनं देल्लेला. तुले सांगतलं तर पाप नाई. डॉक्टरनं सांगतलं, पुडी, काढा, चूर्न, कायबी त्याले इचारल्याबिगर द्याचं नाई. दोन तास त्या पांढऱ्या औषधाचे होते, पुडीचे नाईत. ऐकून राह्यला का, डब्या? तुह्यात गोळी हाय अन् तुह्यातच पुडी हाय. दोनी माह्या मानसाच्या पोटात जाऊन राह्यल्या."

बाहेर अडकित्ता थांबला. त्यानं ऐकलं. सगळं ऐकलं. मी शपथ घेऊन सांगतो.

मग त्यानंही मलाच उत्तर दिलं. "डब्या, सांग त्या बाईले. म्या हे केस उनात पांढरे नाई केले. बारा गावचे लोक माह्या हातचं घेऊन गेले. काल आलेल्या पोरीनं मले शिकवू नाई."

पुंजाजी खिदळला. "डब्याले मधी टाकून चांगलं चालून राह्यलं तुमचं कोरट!"

आणि मी काय करणार? माझं झाकण बाहेरून उघडतं. मला हात असता तर त्या दिवशी सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकल्या असत्या.

श्रावण संपत आला. एका दुपारी इंद्रभान ओट्यावरून वाकून थुंकला. लाल. पुंजाजी म्हणाला, "पान लय रंगलं बे तुह्यं!" सगळे हसले. इंद्रभानही हसला आणि त्याच्या दातांच्या कडा लाल दिसल्या.

मी तिथंच होतो. त्या दिवशी माझ्या पानांच्या खणाला सकाळपासून कुणी हात लावला नव्हता. पानंच संपली होती. त्यानं पान खाल्लंच नव्हतं.

ज्या ओट्यावर सगळेच लाल थुंकतात तिथं रक्त कोण ओळखणार? दंडावर निळे डाग आले. महादेवराव म्हणाला, "दवाखान्यात सुया टोचल्या त्याचे." त्या सुया टोचून किती दिवस झाले होते! बाकीचं कुणाला दिसलंच नाही. माणूस पहाटे अंधारात शेतात बसायला जातो, काळं काय आणि पिवळं काय, सांगायला लाजतो. इंद्रभानही लाजला. चेहरा मात्र पांढुरका होत चालला होता. जिना नाही, चढ नाही, चार पावलांत धापा टाकायचा.

कोकिळेनं डाग पाहिले तेव्हा ती सोजराबाईच्या पाया पडली. "उद्या दवाखान्यात न्या त्याईले. मोठ्याबाई, तुमच्या पाया पडते." सोजराबाईनं सांगितलं. महादेवराव म्हणाला, "पोळा होऊ दे. सनासुदीचं कोन दवाखान्यात जाते?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली. पोळ्याला त्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. वर्षातून एक दिवस बैल मालक असतो. रीत चांगली आहे. मला बैलांबद्दल काही म्हणायचं नाही.

त्या दुपारी बैल सजून अंगणात उभे होते. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. गाव तोरणाकडं निघायच्या बेतात; तिथं सगळ्यांचे बैल रांगेत उभे राहतात, तोरण तुटलं की पोळा फुटतो. इंद्रभान खाटेवरून उठला, दोन पावलं चालला आणि ओट्याच्या खांबाला धरून ओकला. कॉफीच्या गाळासारखं काळं, त्यात लाल. मग तो खांबाशी घसरत खाली बसला.

पुंजाजीनं तोंडातलं पान गिळलं.

महादेवराव म्हणाला, "पित्त हाय. उष्णता झाली. सोजरे, सब्जा भिजव."

आणि तेव्हा कोकिळा बाहेर आली. दाराच्या बाहेर, ओट्यावर, सगळ्या पुरुषांच्या मध्ये. पदर खांद्यावर घसरलेला. ती महादेवरावाच्या समोर उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. पहिल्यांदा.

"भाऊजी, बैल जुपा."

कुणीतरी श्वास आत ओढला. मला वाटलं, रक्ताला भ्यायले. तसं नव्हतं. ते तिच्या बोलण्याला भ्यायले होते.

"आज पोळा हाय," महादेवराव म्हणाला. तिला नव्हे, खांबाला.

"थे रगत हाय, पित्त नाई. डॉक्टरनं सांगतलं होतं. तुमाले, मले. तुमच्या तोंडात पान होतं. बैल जुपा."

"येष्टी सांजेले हाय. पोळा फुटू दे, मंग—"

"तवरोक ते राह्यत नाईत!"

पुंजाजी पुटपुटला, "भासऱ्याच्या तोंडाले लागली पाहा. काय हे वळन!" खाली एक माणूस रक्त ओकत होता आणि ह्या म्हाताऱ्याला वळण सुचत होतं. त्याच्या तोंडी लागलेली प्रत्येक सुपारी मी परत मागतो.

कोकिळेनं पुन्हा विचारलं नाही. ती अंगणात उतरली, जू उचललं आणि झुली घातलेल्या, शिंगं रंगवलेल्या बैलांच्या हळदीच्या खांद्यांवर ठेवलं. बायकांनी तोंडावर हात घेतले. शेजारची मंजुळाबाई तेवढी धावत आली. दोघींनी मिळून इंद्रभानला बंडीत चढवलं. जाता जाता कोकिळेनं ओट्यावरून मला उचललं. जे जे घेतात ते सगळं बरोबर आणा, हे तिला त्या घडीलाही आठवलं.

घुंगरं वाजवत बंडी बुलढाण्याच्या रस्त्याला लागली. समोरून येणारे हसून हात हलवायचे, पोळ्याची बंडी म्हणून. मग आत बघायचे आणि रस्त्याच्या कडेला व्हायचे. इंद्रभानचं डोकं मंजुळाबाईच्या मांडीवर होतं. तो एकदा म्हणाला, "कोकिळा, बैलाईचे खांदे दुखतीन न वं." ती कासरा धरून पुढं बघत होती. तिच्या पाठीवरून कळत होतं की ती रडत आहे.

महादेवराव मागून सायकलवर आला. त्यालाही पुंजाजीचं ऐकून बसवेना, एवढं त्याच्या बाजूनं सांगतो.

दवाखान्यात तोच डॉक्टर होता. त्यानं डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि ओरडून इंजेक्शन मागवलं. "काय काय घेत होते?"

कोकिळेनं मला टेबलावर ठेवलं. त्यानं झाकण उघडलं. लवंगांच्या खणात गुलाबी गोळ्या, शेजारच्या खणात पुड्या. त्यानं एक पुडी उजेडात धरली, तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं आणि खाली ठेवली.

"ही कुणी दिली?"

महादेवराव दारात उभा. त्या दिवशी त्याचं तोंड रिकामं होतं. "म्या देल्ली. जळजळीवर. पन गोळीत अन् तिच्यात दोन तास ठेवत होतो, साहेब. एकबी दिवस चुकलो नाई."

डॉक्टर हळू म्हणाला, "दोन तास पांढऱ्या औषधाचे होते. हिच्यात डोकेदुखीचं औषध आहे. दोन तासांनी द्या, नाही तर दोन दिवसांनी द्या, ते पोटात जखम करणार. आणि ह्या गोळीवर असलेल्या माणसाची जखम मिटत नाही. मी सांगितलं होतं ना?"

"हाव," कोकिळा म्हणाली. "सांगतलं होतं."

रक्त द्यायला हवं होतं. महादेवरावानं बाही वर केली. हे मी लपवणार नाही. बाटली जुळवली, लावली. ती अर्धी जायच्या आत इंद्रभान गेला. बाहेर बैल झुली घालून उभे होते.

तेराव्यानंतर ओटा पुन्हा भरला. निकाल लागला. पोळ्याला बैल जुपले, नंदी कोपला. बाईनं भासऱ्यासमोर तोंड उघडलं, घरातली लक्ष्मी गेली. महादेवराव मान हलवत राहिला. "हूं," म्हणाला. एका "हूं"मध्ये त्यानं भाऊ घालवला होता, दुसऱ्या "हूं"मध्ये भावजय घालवली.

कोकिळा संग्रामपूरला माहेरी गेली. मला घेऊन गेली. कुणाला विचारलं नाही. आता मी अन्नपूर्णाबाईच्या कोनाड्यात असतो. माझ्यात पान नाही, चुना नाही. लवंगांच्या खणात एक पुडी आहे, न फोडलेली. गावात कुणाच्या घरी दवाखान्याची गोळी चालू आहे असं कानावर आलं की कोकिळा मला घेऊन जाते, पुडी दाखवते, आणि घरातल्या म्हाताऱ्याच्या समोर उभी राहून बोलते. काही तिला हाकलतात. ती दुसऱ्या दिवशी परत जाते.

महादेवरावानं नवा डबा घेतला, म्हणतात. स्टीलचा. त्यात काय ठेवतो मला माहीत नाही, आणि विचारायची भीती वाटते.

तुमच्या घरात कुणी रक्त पातळ ठेवायची गोळी घेत असेल तर जळजळीसारख्या साध्या दुखण्यालाही डॉक्टरला विचारल्याशिवाय काही देऊ नका. डोकेदुखीची गोळी नको, फसफसणारी पुडी नको, आजोबांचं चूर्णही नको. मनानं गोळी बंद करू नका. हिरडी लाल दिसली तर ती पानानं लाल आहे की रक्तानं ते बघा, आणि रक्त असलं तर थेट दवाखाना गाठा. शौचाला काळं झालं तर सांगायला लाजू नका. आणि घरात जिला खरं माहीत आहे तिला डब्याशी बोलायला लावू नका. मला ऐकू येतं, पण मी काही करू शकत नाही.

इंद्रभाननं छातीतली जळजळ थांबावी म्हणून मोठ्या भावाच्या हातच्या पुड्या घेतल्या. त्यात त्याचा जीव गेला.